‘आज घेतलीस का?’ सोडून त्याला दुसरं काही विचारूया का?

(पत्र बरंच मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतेय.)

माझा धाकटा भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. तीन वर्षांपूर्वी बाईकचा अपघात झाला, पायाचं मोठं ऑपरेशन झालं, रॉड टाकला. तेव्हा दुखण्यासाठी ओपिऑइड जातीच्या, म्हणजे अफूसारखा परिणाम करणाऱ्या, गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांनी त्या बंद केल्या पण याच्या काही सुटल्या नाहीत. नोकरी गेली, उधाऱ्या झाल्या, आईचा एक दागिना गेला. गेल्या वर्षी व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून आला. बाबा घरात घेईनात म्हणून तेव्हापासून माझ्याकडेच असतो. पाच महिने एकदम छान होता. मागच्या आठवड्यात त्याच्या बॅगेच्या अस्तराच्या आत गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. रात्री सगळे झोपल्यावर मी त्या जमिनीवर मांडून रिकामे कप्पे मोजत बसले. त्याला अजून काही बोललेले नाही. बाबा म्हणतात हाकलून दे, ठेच लागल्याशिवाय शहाणा होणार नाही. आई मला न सांगता त्याला पैसे देते. मामा म्हणतो माझ्याकडे पाठव, गाव बदललं की सुटेल. मी त्याचे खिसे, फोन सगळं तपासते, उधाऱ्या फेडते, आता नवराही वैतागलाय. खरंच सोडायचं असतं तर सोडलं नसतं का त्याने? आमच्यापेक्षा गोळ्याच प्रिय आहेत का? शेवटचा दम देऊ का? आणि माझी आठ वर्षांची मुलगी विचारते, मामा सारखा झोपून का असतो, तिला काय सांगू?

पत्राखाली ‘लहान बहीण समजून उत्तर द्या’ असं लिहिलंयस म्हणून सरळ ‘तू’च म्हणते.

बाकी सगळं बोलूच, पण आधी एक जिवावरची गोष्ट. तुझा भाऊ बरेच महिने गोळ्यांशिवाय होता. एवढ्या काळात शरीराची सवय उतरते, म्हणजे पूर्वी जेवढ्या गोळ्या तो सहज पचवायचा तेवढ्या आता झेपत नाहीत, आणि डोक्यात मात्र माप जुनंच असतं. ओपिऑइडमुळे होणारे कितीतरी मृत्यू नेमके असेच होतात. माणूस केंद्रातून किंवा तुरुंगातून बाहेर येतो, कधीतरी पुन्हा घेतो, जुन्या मापाने घेतो, आणि श्वास मंदावत मंदावत थांबतो. सोबत दारू किंवा झोपेची गोळी असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून लक्षणं पाठच करून ठेव आणि नवऱ्यालाही सांग. हाका मारून, जोरात हलवूनही जाग येत नाही, श्वास फार हळू किंवा मध्ये मध्ये थांबत चाललाय, घशातून घरघर येतेय, ओठ आणि नखं निळसर पडलीत, बुबुळातली काळी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झालीय. यातली सगळी दिसतील असं नाही, पण जाग येत नाही आणि श्वास बिघडलाय एवढं दिसलं तरी ‘झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत’ असं म्हणायचं नाही. अँब्युलन्स बोलवायची, काय घेतलंय ते खरं सांगायचं, श्वास चालू असेल तर कुशीवर वळवून ठेवायचं, थांबला असेल तर फोनवरची माणसं सांगतील तसा कृत्रिम श्वास आणि सीपीआर द्यायचा, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. नॅलॉक्सोन नावाचं औषध ओपिऑइडचा परिणाम काही मिनिटांत उलटवतं, ते घरी ठेवता येईल का हे डॉक्टरांना विचार. फक्त त्याचा जोर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो आणि गोळीचा अंमल त्यापेक्षा लांबू शकतो, म्हणून ते देऊन माणूस उठून बसला तरी हॉस्पिटल टळत नाही.

पट्ट्या सापडल्याचं त्याला सांगशील तेव्हा पहिलं वाक्य याच्याबद्दलचं असू दे. ‘पुन्हा सुरू केलंस ना’ हे नको. ‘मला पट्ट्या सापडल्या, मला भीती वाटतेय, कारण इतके दिवस मध्ये गेल्यावर जुना डोस जीव घेऊ शकतो, हे तुला माहीत आहे का?’ हे असं. आणि त्या पट्ट्या तू रागाच्या भरात टाकून दिल्या असत्यास तरी मी समजून घेतलं असतं, पण त्याने प्रश्न सुटत नाही, कारण शरीराला पुन्हा सवय लागली असेल तर अचानक बंद झाल्यावर अंग मोडून येणं, नाक-डोळे गळणं, अंगावर काटा, जुलाब, तळमळ, झोप नाही असं सगळं सुरू होतं आणि माणूस कुठूनतरी, काहीतरी, जास्त धोक्याचं मिळवतो.

आता तुझ्या पत्राकडे येते. परत परत वाचलं आणि एक गोष्ट खटकत राहिली. गोळ्या आहेत, पैसे आहेत, खोटं बोलणं आहे, दागिना आहे, बाबा काय म्हणाले आई काय म्हणाली सगळं आहे, पण त्याचा पाय सुरुवातीला एकदा येऊन जातो तो परत कुठे येतच नाही. दुखतो का अजून? जिना चढताना कठड्याला धरतो का? रात्री कूस बदलताना जाग येते का त्याला? रॉड अजून आत आहे का, आणि हाडाच्या डॉक्टरांनी शेवटचं कधी पाहिलं? मला वाटतं यातलं तुलाही नक्की माहीत नसेल आणि त्यात तुझा दोष नाही, ज्या घरात व्यसन शिरतं तिथे सगळ्यांचं लक्ष गोळीवर खिळतं आणि गोळी ज्या कारणाने आली ते मागे पडतं. तीन वर्षं तुम्ही सगळे त्याला फिरून फिरून एकच विचारताय, घेतलीस का. त्याचं उत्तर तो ‘नाही’च देणार, खरं असो नसो. गोळी तुझं काय काम करते, हे कोणी विचारलेलं दिसत नाही.

आणि हा भावनिक प्रश्न नाहीये हं, उपचाराचा आहे. तो पाय दुखतो म्हणून घेत असेल तर त्याला दुखण्याचं दुसरं इलाज पाहिजेत, फिजिओथेरपी, व्यसन न लावणारी औषधं, कधीकधी रॉड किंवा स्क्रूचंच काहीतरी बिघडलेलं असतं तेही पाहावं लागतं. शिवाय दीर्घकाळ ओपिऑइड घेणाऱ्या काही जणांमध्ये उलटंच होतं, दुखणं कमी व्हायचं सोडून जास्तच जाणवायला लागतं, म्हणजे ज्याच्यासाठी घेतली तेच ती वाढवते आणि त्याला वाटतं डोस कमी पडतोय. झोप येत नाही म्हणून घेत असेल तर ते वेगळं. नोकरी गेल्याची, दागिन्याची, तुमच्याकडे फुकट राहिल्याची लाज सहन होत नाही म्हणून घेत असेल तर ते अजून वेगळं, आणि तिथे प्रत्येक बोलणं, प्रत्येक टोमणा त्याला गोळीकडेच ढकलणार. न घेतल्यावर होणाऱ्या त्रासाच्या धाकाने घेत असेल, तर त्याला आता मजा मुळीच येत नाहीये, तो फक्त आजारी पडायचं टाळतोय. चार कारणं, चार वेगळे रस्ते, आणि बाहेरून चारही सारखीच दिसतात, पलंगावर झोपून राहिलेला तरुण मुलगा.

यातच तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर आहे, ‘आमच्यापेक्षा गोळ्याच प्रिय आहेत का’. नाहीत गं. मेंदूत एखादी गोष्ट आवडणं आणि ती हवीहवीशी वाटणं यांची यंत्रणा बऱ्याच अंशी वेगळी आहे. केंट बेरिज आणि टेरी रॉबिन्सन या दोन शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये हे व्यसनाच्या संदर्भात नीट मांडलं. डोपामाइनचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि ते ‘आनंदाचं रसायन’ म्हणून सांगितलं जातं, पण त्याचं मोठं काम ‘हे महत्त्वाचं आहे, हे मिळव’ असा धोशा लावण्याचं आहे. नशेच्या पदार्थाने हा धोशा वाढत जातो आणि मिळणारं सुख मात्र कमी कमी होत जातं. उन्हातून चालून आलेल्या माणसाला तहान लागावी तशी ती ओढ असते, तहानलेला माणूस पाण्यावर प्रेम करतो म्हणून पाणी मागत नाही. त्यात ही ओढ आठवणींना चिकटलेली असते. पट्टी फुटल्याचा आवाज, औषधाच्या दुकानाची पाटी, जिथून गोळ्या यायच्या तो फोन नंबर, इतकंच काय पायातली एक कळसुद्धा, काहीही निमित्त झालं की ओढ जागी होते, महिनोन्‌महिने न घेतलेल्या माणसातही. कपाळामागचा जो भाग ‘थांब, विचार कर’ म्हणतो तो याच काळात कमजोर पडलेला असतो, आणि झोप कमी, ताण जास्त असेल तर अजूनच.

पण ‘मेंदूचा आजार आहे’ म्हटलं की सगळं माफ, असं मी म्हणत नाहीये. दागिना त्यानेच नेला. निवड करायची ताकद कमी होते, नाहीशी होत नाही, आणि ती परत मिळवता येते म्हणून तर उपचार करायचे. त्याने केलेल्या नुकसानाची जबाबदारी त्याचीच राहू दे, फक्त त्याचा अर्थ ‘तो आमच्यावर प्रेम करत नाही’ असा लावू नकोस, कारण मग तू त्याच्याशी गोळ्यांबद्दल बोलायला बसतेस आणि बोलणं होतं प्रेमाबद्दल, आणि दोघंही रडून उठता.

‘खरंच सोडायचं असतं तर सोडलं नसतं का’ हे बाबांचं वाक्य तुझ्या पत्रात तुझं होऊन आलंय. अगं, त्याने सोडलेल्या. आठ महिने, त्यातले पाच तुझ्या डोळ्यांसमोर. हे अपयशाच्या खात्यात टाकू नकोस. २००० साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक बराच गाजलेला लेख आला होता, त्यात व्यसनाची तुलना ब्लड प्रेशर, दमा, डायबेटिस या आजारांशी केलेली. व्यसनाच्या उपचारानंतर पुन्हा घसरणाऱ्यांचं प्रमाण ४० ते ६० टक्के, आणि ब्लड प्रेशर किंवा दम्यात आजार पुन्हा उसळणाऱ्यांचं ५० ते ७० टक्के. बीपी वाढलं म्हणून कोणी बापाला हाकलत नाही, औषध बदलतात, डोस पाहतात, मीठ किती खाल्लं ते विचारतात. इथेही तेच करायचं. केंद्रातून आल्यावर पुढे काय ठरलं होतं? कोणाला भेटत होता तो, दर आठवड्याला, पंधरा दिवसांनी? की तीन महिने झाले, बरा झाला, फाईल बंद? मला शंका आहे फाईल बंदच झाली असावी. शरीरातून पदार्थ काढणं, ज्याला डिटॉक्स म्हणतात, तो उपचाराचा पहिला आणि छोटा भाग आहे. नुसता तेवढाच केला आणि पुढे काही नाही, तर ओपिऑइडच्या बाबतीत माणूस आधीपेक्षा जास्त धोक्यात असतो, ते वर सांगितलंच.

ओपिऑइडसाठी चांगली औषधं आहेत. ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन. दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. ती ओढ आणि त्रास दोन्ही दाबतात, माणूस तरारून कामाला जाऊ शकतो, आणि ती चालू असेपर्यंत मृत्यूचा धोका साधारण निम्म्यावर येतो. घरचे यावर लगेच म्हणतात, म्हणजे एक नशा सोडून दुसरी लावायची? हे ऐकून ऐकून माझे कान किटलेत. व्यसन म्हणजे गोळी रोज घेणं नव्हे, व्यसन म्हणजे गोळीसाठी आयुष्य उधळणं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या डोसमध्ये रोज औषध घेऊन जो माणूस वेळेवर उठतो, खोटं बोलत नाही, पैसे उडवत नाही, त्याला नशेत आहे असं कसं म्हणायचं? किती दिवस घ्यायचं हे महिन्यांत नाही, कधीकधी वर्षांत मोजावं लागतं, आणि बंद करायची घाई बहुतेक वेळा घरच्यांनाच असते. नॅलट्रेक्सोन हे आणखी एक औषध, ते नशा चढूच देत नाही, पण ते शरीर ओपिऑइडपासून पूर्ण मोकळं झाल्यावरच सुरू करतात नाहीतर फार त्रास होतो. त्याच्यासाठी कोणतं योग्य ते मनोविकारतज्ज्ञ ठरवतील, तुमच्या घरातल्या मीटिंगमध्ये ते ठरू देऊ नका.

आता बाबांची ठेच. चूक केल्यावर तिचा परिणाम भोगू द्यावा, इथपर्यंत बाबा बरोबर आहेत. त्याची उधारी तू फेडायची नाहीस. त्याच्या वतीने कोणाला खोटे फोन करायचे नाहीत. पण पार तळाला गेल्याशिवाय माणूस सुधारत नाही ही समजूत मला पटत नाही, ओपिऑइडमध्ये तर तळ म्हणजे स्मशान असू शकतं. माणसं तळाला जाऊन सुधारतात तशी आधीही सुधारतात, बायकोच्या एका वाक्याने, डॉक्टरांच्या एका रिपोर्टने, नवीन नोकरीच्या आशेने. हाकललेल्या माणसाकडे गमवायला काही उरत नाही हे बाबांना एकदा शांतपणे विचारून बघ, त्यांच्या रागाखाली काय आहे तेही कळेल. अपवाद एकच आणि तो पक्का. तो हात उगारत असेल, धमक्या देत असेल, तुझ्या मुलीच्या हाती गोळ्या लागतील असं वागत असेल, तर त्याला वेगळं ठेवावं लागेल आणि त्याबद्दल मनाला खात बसू नकोस. तेव्हाही ‘चालता हो’ म्हणण्यापेक्षा ‘इथे राहता येणार नाही, पण उपचाराला तुझ्यासोबत मी येणार’ हे म्हणता येतं.

मामांच्या गाव बदलण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकन सैनिकांमध्ये हेरॉईन फार पसरलं होतं, तिथे असताना साधारण पाचातला एक जण त्यात अडकला होता. १९७१ पासून ली रॉबिन्स या संशोधिकेने परतलेल्या सैनिकांचा माग ठेवला. सगळ्यांना वाटत होतं देशभर व्यसनी पसरणार, पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात त्या अडकलेल्यांपैकी जेमतेम ५ टक्के पुन्हा व्यसनात गेले. परिस्थितीचा जोर किती असतो याचं याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही. पण त्यातली मेख बघ. ते सैनिक परतले ते स्वतःच्या घरी, ओळखीच्या माणसांत, कामाधंद्याला, आणि ज्या ठिकाणी ओढ जागी करणारं सगळं होतं ते हजारो मैल मागे राहिलं. तुझ्या भावाचा पाय मात्र त्याच्यासोबत मामांकडे जाणार, फोन सोबत जाणार, रिकामा दिवस सोबत जाणार, आणि ज्या डॉक्टरांकडे जायचं ते इथे राहणार. मामांकडे काही करण्यासारखं काम असेल, तिथेही उपचार चालू राहणार असतील, आणि तो स्वतः हो म्हणत असेल तर जरूर पाठव. बला टळली म्हणून नको.

तुझ्या तपासाबद्दल थोडं कडक बोलते. खिसे, फोन, बॅग, बाथरूममध्ये किती वेळ लागला, हे सगळं बंद कर. हे करून तुला माहिती मिळते पण त्या माहितीचं तू करतेस काय? रात्रभर जागतेस. तो लपवण्यात तरबेज होतो, तू शोधण्यात, आणि तुमच्यात भाऊ-बहिणीचं म्हणून काही उरत नाही. घरातली औषधं कुलपात ठेवणं, पैसे आणि कार्ड जपून ठेवणं, ही काळजी वेगळी आणि ती घेच.

आणि तो शेवटचा दम. सगळ्यांनी मिळून घेरायचं, ‘केंद्रात जा नाहीतर संपलं’ म्हणायचं, हा प्रकार सिनेमा-मालिकांत जोरदार दिसतो. दारूच्या बाबतीत १९९९ मध्ये याची पद्धतशीर तुलना झाली. दारू पिणारी माणसं उपचाराला तयारच नव्हती, म्हणून त्यांच्या घरच्यांना तीन वेगवेगळ्या पद्धती शिकवल्या. घेरण्याच्या पद्धतीत साधारण ३० टक्के लोक उपचारापर्यंत पोचले, कारण बऱ्याच घरांनी तो प्रसंग घडवून आणलाच नाही. घरच्यांनी फक्त स्वतःला सावरायचं आणि त्याला त्याच्यावर सोडायचं, यात १३ टक्के. आणि क्राफ्ट नावाच्या पद्धतीत ६४ टक्के. ही पद्धत रॉबर्ट मायर्स यांनी बनवली, आणि तिच्यात जादू काही नाही. तो न घेतलेल्या वेळी त्याच्याशी चांगलं वागायचं, सोबत चहा घ्यायचा, बोलायचं, आणि घेतलेला असेल तेव्हा भांडायचं नाही, शांतपणे बाजूला व्हायचं. त्याच्या वागण्याचे परिणाम मध्ये पडून झेलायचे नाहीत. आणि उपचाराचं बोलणं योग्य क्षण बघून काढायचं. बहुतेक घरांत नेमकं उलटं चालतं, तो नशेत असला की सगळे त्याच्याभोवती, आणि शुद्धीत असला की कोणी तोंडाकडे बघत नाही.

योग्य क्षण म्हणजे कोणता? तो सकाळी ताजा असेल तेव्हा, किंवा स्वतःच ‘कंटाळा आलाय या सगळ्याचा’ असं काही बोलला की लगेच. भांडण झाल्यावर, रात्री, जेवताना सगळ्यांसमोर, नाही. बोलणं लहान ठेव. ‘पाच महिने तू छान होतास, मला तो भाऊ परत हवाय. मध्ये काय झालं?’ आणि मग गप्प बस, हे सगळ्यात अवघड. त्याने खोटं सांगितलं तर पकडू नकोस, ‘बरं, तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी आहे’ एवढंच. पाय दुखतो म्हणाला तर तिथेच थांब, तोच दरवाजा आहे, ‘हाडाच्या डॉक्टरांना दाखवू, मी येते’ म्हण. व्यसनाच्या डॉक्टरकडे यायला नकार देणारी माणसं पाय दाखवायला येतात, आणि तिथे तू आधीच फोन करून गोळ्यांचं सांगून ठेवू शकतेस म्हणजे ते नकळत पुन्हा तीच गोळी लिहून देणार नाहीत. याला फसवणं म्हणू नकोस, ‘मी डॉक्टरांना सगळं सांगितलंय’ हे त्यालाही सांग.

आईचं प्रकरण मी तुझ्यावर सोडते, तू तिला ओळखतेस. एकच सुचवते, ‘पैसे देऊ नकोस’ म्हणून ती थांबणार नाही, कारण ती घाबरलीय, नाही दिले तर हा चोरी करेल, कर्जात जाईल, जिवाचं करेल. तिला पैशाऐवजी द्यायला काहीतरी दे. औषधाचं बिल तिने परस्पर भरावं, फिजिओथेरपीला तिने सोबत जावं, प्रवासाचं तिकीट तिने काढावं. हातात रोख नाही, बाकी माया करू दे हवी तेवढी.

पुन्हा केंद्राचा विषय निघाला तर आधी फोन करून विचार. मनोविकारतज्ज्ञ रोज येतात की नुसतं नाव बोर्डावर आहे, ओपिऑइडवरची औषधं देतात का, घरच्यांना भेटू आणि फोन करू देतात का, बाहेर आल्यावरचा पाठपुरावा कोण करतं. मारून, बांधून, उपाशी ठेवून सरळ करतो असं कोणी अभिमानाने सांगत असेल तर तिथे त्याला पाठवायचं नाही, बाबा कितीही म्हणोत.

ज्यांचं असंच काहीसं आहे पण पदार्थ वेगळा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी, कारण या पत्रासारखी अजून पत्रं येऊन पडलीत. ओपिऑइड अचानक बंद झालं की माणूस हाल हाल होतो पण बहुतेक वेळा त्यानेच मरत नाही. दारू आणि झोपेच्या बेन्झोडायझेपिन जातीच्या गोळ्या मात्र, भरपूर आणि रोज घेणाऱ्याने एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भ्रम, थरथर, ताप सुरू होऊ शकतो, आणि यात जीव जाऊ शकतो. ‘आजपासून एक थेंब नाही’ म्हणून घरात कोंडून ठेवू नका, डॉक्टरांना विचारून सोडवा. दुसरं, घरात कोणी कॅन्सरच्या किंवा ऑपरेशनच्या दुखण्यासाठी सांगितल्याप्रमाणे ओपिऑइड घेत असेल तर हे वाचून घाबरून त्याची औषधं बंद करू नका. शरीराला सवय लागणं आणि व्यसन या वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या २०१३ च्या पुस्तकात व्यसन ओळखायच्या अकरा खुणा दिल्यात, ठरवलं त्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचा प्रयत्न फसणं, ओढ, कामावर-नात्यांवर परिणाम होऊनही घेत राहणं वगैरे. वर्षभरात त्यातल्या दोन-तीन दिसल्या तर सौम्य, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. आणि डोस वाढत जाणं, बंद केल्यावर त्रास होणं या दोन खुणा डॉक्टरांच्या सल्ल्याने घेणाऱ्या पेशंटच्या बाबतीत धरायच्याच नाहीत असं तिथे स्पष्ट म्हटलंय.

तू लिहिलंयस, ‘आमचं कुठे चुकलं’. व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो, उरलेल्यात वय, दुखणं, ताण, पदार्थ किती सहज मिळतो हे सगळं. तो अपघात झाला आणि त्या वयात ती गोळी मिळाली, यात तुमच्या संस्कारांचा हिशोब काढून हाती काही लागणार नाही. नवऱ्याला मात्र वेळ दे. तो भावावर चिडलाय असं तुला वाटतं, मला तुझ्या पत्रातून वाटतं तो तुला रोज रात्री जागताना बघून चिडलाय. व्यसनी माणसांच्या घरच्यांचे स्वतःचे गट असतात, अल-अनॉन, नार-अनॉन वगैरे, प्रत्यक्ष जमलं नाही तर ऑनलाईन जा, तिथे निदान कोणाला पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. आणि त्याला तयार करण्याची वाट न बघता मनोविकारतज्ज्ञांची एक वेळ तू तुझ्यापुरती घे. पेशंट येत नसला तरी घरचे जाऊ शकतात, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

राहिली तुझी लेक. तिला खरं सांग, तिच्या मापाचं. ‘मामाच्या पायाला लागलं होतं तेव्हा त्याला एक औषध दिलं होतं, त्या औषधाची त्याला अशी सवय लागली की आता सोडायला फार जड जातंय. तो आजारी आहे, डॉक्टर मदत करतील. तुझ्यामुळे काही झालेलं नाही आणि तुला त्याला बरं करायचं नाहीये.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस, मुलं मनातल्या मनात असली कामं अंगावर घेतात. कुठलीही गोळी, कोणाचीही, न विचारता तोंडात घालायची नाही, आणि मामा हाक मारून उठला नाही तर आधी मोठ्या माणसाला बोलवायचं, हेही सांगून ठेव. ती उद्या परत विचारेल, परवा परत, तेव्हा हेच सांगायचं, दरवेळी नवीन गोष्ट रचायची नाही.

डॉक्टरांकडे जाऊन आलीस की पायाचं काय म्हणाले ते कळव.